उज्वलाबाईंनी मारलेली डॉक्टरीण

तरोडा नाक्यामागच्या आमच्या गल्लीत दुपारचं नळाचं पाणी येईस्तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं, की उज्वलाबाईंनी लातूरच्या एका डॉक्टरीणबाईचा जीव घेतला. कुणी म्हणे गळा दाबला, कुणी म्हणे चहात काहीतरी घातलं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं साखर मोजता मोजता आपल्या पदरची भर टाकली, की पोलिसांची गाडी लातूरहून निघाली असून सध्या लोह्यात चहा पिऊन राहिली आहे.

ही बातमी सिंधुबाईंच्या खिडकीतून निघाली होती. सिंधुबाईंचा ओटा आणि उज्वलाबाईंचा ओटा यांच्यामध्ये एक बोळ आहे, एवढा अरुंद की मांजराला परत फिरायचं झालं तर उलट्या पावलांनी जावं लागतं. त्यामुळं इकडची फोडणी तिकडं शिंका काढते आणि इकडचा फोन तिकडं शब्दन्‌शब्द ऐकू जातो. त्या सकाळी उज्वलाबाई फोनवर कुणाला तरी ठणकावून सांगत होत्या, "हाव, तुमच्या लातूरकरांच्या डॉक्टरीणबाईला मीच मारलं. हवाच संपली होती तिची, मी काय तोंडानं फुंकू का? ... प्रेत? प्रेत बाहेरच हाय की. तरंगून राहिलंय." सिंधुबाईंनी तव्यावरची भाकरी तव्यावरच सोडली आणि पदर सावरत बाहेर पडल्या. भाकरी जळाली, पण गल्लीचं पोट भरलं.

संध्याकाळी उज्वलाबाईंच्या लेकीनं, आरतीनं, खरं काय ते सांगितलं आणि सगळ्यांचा हिरमोड केला. मेलेली डॉक्टरीण हाडामांसाची नव्हतीच. तिचं नाव डॉक्टर मैथिली. ती एका यानात बसून सूर्याच्या पार पलीकडं निघाली होती, आणि ते यान 'गोष्टवेल' नावाच्या संकेतस्थळावरच्या एका गोष्टीत होतं. गोष्टीचं नाव 'शेवटचं बी'. पृथ्वीवरचं सगळं बियाणं घेऊन माणसं दुसऱ्या ग्रहावर निघालीत, अशी ती विज्ञानकथा. ती कुणा एकाची नाही. दहाबारा जण फेरीनं लिहितात. एकाचा भाग झाला की दुसऱ्याची पाळी. असं तीनचार वर्षं चाललंय आणि यान अजून अर्ध्या वाटेवरही नाही. त्या फेरीत उज्वलाबाई होत्या, आणि आदल्या दिवशीच्या भागात त्यांनी डॉक्टर मैथिलीला यानाबाहेर, बंद दारापाशी, हवा संपून मरू दिलं होतं. सकाळचा फोन त्याच भानगडीचा.

"म्हंजे खोटंखोटंच की!" किराणावाला उदास झाला.

"खोटं कसं?" सिंधुबाई माघार घ्यायला तयार नव्हत्या. "मीच मारलं म्हणून माझ्या कानानं ऐकलंय मी. आज यानात मारलं, उद्या बोळात मारील."

गल्लीत त्या दिवसापासून मुलांना उज्वलाबाईंच्या हातचं काही खाऊ देत नव्हते असं नाही. उलट त्यांच्या केळ्याच्या वेफर्सना मागणी वाढली. खुनी बाईच्या हातचं म्हणून चव वेगळी लागत होती.

उज्वलाबाई अर्धापूरकडच्या. नवरा शेषेराव तिकडंच केळीच्या बागेत, आणि बाई इकडं नांदेडात भाड्याच्या दोन खोल्यांत, आरतीच्या मेडिकलच्या क्लासपायी. अशा आया नांदेडात आणि लातुरात गल्लोगल्ली सापडतात. सकाळी डबा, दुपारी डबा, आणि मधल्या वेळात पोरीचा अभ्यास मोडू नये म्हणून टीव्ही बंद, मिक्सर बंद, शिंकसुद्धा तोंडावर पदर धरून. बाकीच्या बाया त्या वेळात वाती वळतात किंवा दुसऱ्यांच्या सुनांचा निकाल लावतात. उज्वलाबाईंनी मोबाईलवर 'शेवटचं बी' वाचायला घेतलं. शेंगदाणे सोलत सोलत सगळे भाग संपवले. मग खाली प्रतिक्रिया लिहू लागल्या. पुढं फेरीतला एक जण नोकरीच्या गडबडीत गळाला, तेव्हा संपादक रेवणप्पा सरांनी विचारलं, "ताई, तुम्ही लिहिता का एखादा भाग?" ताईंनी भाग आधीच लिहून ठेवला होता.

आता यात एक गोष्ट सांगायला पाहिजे. उज्वलाबाईंना त्यांच्या नावानं कुणी हाक मारत नाही. गावात त्या शेषेरावची मंडळी, इथं आरतीची आई, दूधवाल्याला 'वरच्या पायरीवर पातेलं ठेवणाऱ्या बाई'. 'गोष्टवेल'वर मात्र त्यांचं पूर्ण नाव आलं, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'लेखिका'. त्या पानाचा फोटो काढून त्यांनी नणंदेला पाठवला. नणंदेनं अंगठा पाठवला. उज्वलाबाई तो अंगठा दिवसभर बघत होत्या, खरा की टोमण्याचा ते ठरेना.

पण नाव आलं की नावं ठेवणारे येतातच, आणि 'गोष्टवेल'चे वाचक तर त्यासाठीच जेवून खाऊन बसलेले. पहिल्याच भागात उज्वलाबाईंनी यानात केळीची बाग लावली. सऱ्या पाडल्या, पाणी सोडलं, पाणी झुळूझुळू शेवटच्या खुंटापर्यंत गेलं. भाग पडला आणि खाली सुरू झालं.

'चांद्रमोहीम' नावाच्या एकानं लिहिलं, "यानात पाणी खाली वाहत नाही. खालीच नसतं तिथं. लेखिकाबाई शाळेत गेल्या होत्या की शाळेवरून गेल्या होत्या?"

'कडू कारलं' म्हणालं, "बियाण्याचं यान आहे हे. केळीला बी पेरतात का? यापुढं यांच्या भागावर पाटी लावावी: वाचण्याआधी डोकं काढून बाजूला ठेवा."

आणि 'परखड वाचक' म्हणून एक होता, तो शिव्यासुद्धा मुद्दे पाडून द्यायचा. त्यानं सात मुद्दे दिले. सातवा मुद्दा असा होता, की सहावा पुन्हा वाचा.

उज्वलाबाईंनी त्या रात्रीची भाजी खारट केली. सकाळी लेकीला विचारलं, तर आरती पुस्तकातनं मान वर न करता म्हणाली, "आई, पाणी तिथं गोळे होऊन तरंगतं. तू काय अर्धापूरचा कॅनॉल नेऊन राहिलीस का वर?"

चूक होती ती होती. पुढच्या पाळीला उज्वलाबाईंनी यानाला गरगर फिरायला लावलं, म्हणजे सगळं बाहेरच्या भिंतीकडं ओढलं जाईल आणि पाणी सरीत बसेल. हे आरतीच्या पुस्तकातूनच काढलेलं. त्यावर 'चांद्रमोहीम'नं लिहिलं, "वा! लेखिका चुकल्या म्हणून यानाला चक्कर." आणि 'कडू कारलं' म्हणालं, "आम्हालाही."

बाई ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी खाली उत्तर टाकलं, "कडू कारल्या, तुला आजवर कुणी नीट शिजवलं न्हाई, म्हणून तू असा राहिलास." रेवणप्पा सरांनी ते उत्तर पुसलं आणि फोन करून समजावलं, "ताई, वाचक हे दैवत असतं बरं का." उज्वलाबाई म्हणाल्या, "दैवत शिव्या देतं व्हय सर?" सरांना दुसरा फोन आला.

गंमत अशी, की शिव्या देणाऱ्यांपैकी एकानंही वाचायचं सोडलं नाही. भाग पडायचा अवकाश, 'कडू कारलं' पहिलं हजर. इतक्या निष्ठेनं कुणी देवाच्या आरतीला येत नाही.

डॉक्टर मैथिली मात्र सगळ्यांची लाडकी. तिला उभं केलं होतं लातूरच्या वैजनाथनं. त्याचं औषधाचं दुकान आहे, त्यामुळं त्याच्या भागात कुणी आजारी पडलं की गोळ्यांची नावं अचूक. मैथिली हुशार, देखणी, कधी थकत नाही, सगळ्यांना 'काळजी करू नका' म्हणते. वाचक तिचा वाढदिवस करायचे. तर वैजनाथनं एका भागात तिला यानाच्या अंगाला पडलेली चीर बुजवायला बाहेर पाठवलं, पाठीवर थोडीच हवा देऊन, आणि मागं दार अडकवलं. ते दार फक्त आतून उघडणारं. वैजनाथनं भाग तिथंच सोडला. पुढची पाळी उज्वलाबाईंची. त्यांनी मैथिलीकडून चीर बुजवून घेतली, तिला दारापर्यंत आणली, दारावर थाप मारायला लावली. आत दाराची किल्ली घेऊन पहाऱ्यावर होता कप्तान भार्गव, आणि कप्तान म्हणजे रेवणप्पा सरांचा माणूस. पहिल्या भागापासून त्याला सरच चालवत आलेले. पुढची पाळीही सरांचीच. तेव्हा दार त्यांनीच उघडावं म्हणून बाईंनी हात आखडता घेतला.

सर आले नाहीत. उदगीरला भाचीचं लग्न निघालं. लग्न झालं तर मांडव परतणी निघाली. मग सरांच्या डोळ्याला काहीतरी झालं. 'गोष्टवेल'चा नियम असा, की लिहिणारा आला नाही तर गोष्टीनं थांबायचं. गोष्ट थांबली. वाचक खाली 'दार उघडा, दार उघडा' लिहून लिहून थकले. बाकीचे लेखक गप्प. संपादकालाच आठवण कोण करून देणार?

आणि इथं उज्वलाबाईंची चूक झाली, जी फक्त त्यांच्याच हातून व्हावी.

त्यांच्या माहेरी दरसाल हरिनाम सप्ताह बसतो. सातही दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, असा तिथला दंडक. एक जण गळ्यात घेऊन उभा राहतो, त्याची वेळ संपली की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात जाते. दिवसाचा पहारा बायांचा. उज्वलाबाई पोरसवदा असताना एकदा त्यांच्यानंतरची कावेरीबाई आलीच नाही, तिची म्हैस अडली होती. मग काय करणार? वीणा खाली तर ठेवता येत नाही. उज्वला तशीच उभी राहिली. दुपार झाली, कलली, पायाला मुंग्या येऊन गेल्या, आणि कावेरीबाई शेणामातीच्या हातानं धावत आली तोवर ही उभीच. त्या संध्याकाळी कीर्तनकार महाराजांनी भर मंडपात पोरीच्या हातात नारळ दिला.

तर ज्या बाईनं हे पाहिलंय, तिच्या डोक्यात नियम एकच. पुढचा आला नाही तर मागच्यानं धरून उभं राहायचं, गोष्ट खाली टेकवायची नाही. महिना उलटला तशी त्यांनी आपल्याच नावानं पुढचा भाग टाकला. वर लिहिलं, 'सर येईस्तोवर'. मैथिली दाराशी टेकून बसली आहे आणि आतल्या माणसांना रेडिओवरून बियांची नावं सांगत आहे, एवढाच भाग. सर आले नाहीत. आणखी एक भाग टाकला, वर पुन्हा 'सर येईस्तोवर'. त्यात मैथिलीचं बोलणं तुटक होत गेलं. सर तरीही आले नाहीत. आता वैजनाथनं तिला दिलेली हवा थोडीच होती, ती काही उज्वलाबाईंनी ठरवलेली नव्हती. तिसऱ्या भागात ती संपली. मैथिलीनं शेवटी 'काळजी करू नका' म्हटलं नाही. "दार," एवढंच म्हणाली.

भाग टाकून उज्वलाबाईंनी डोळे पुसले, आरतीला वरणभात वाढला आणि नारळाची वाट बघत बसल्या.

नारळ आला तो डोक्यातच बसला. लातूर, नांदेड, पुणे, कुठल्या कुठल्या गावाहून लोक तुटून पडले. 'परखड वाचका'नं या वेळी तीनच मुद्दे दिले. "एक, पाळी तुमची नव्हती. दोन, डॉक्टर तुमची नव्हती. तीन, अक्कल. तीही कुठं तुमची होती?" 'चांद्रमोहीम' म्हणाला, "कप्तानाकडून दार उघडून घ्यायला काय झालं होतं? हात मोडला होता का?" उज्वलाबाईंनी उत्तर दिलं, की कप्तान सरांचा माणूस, त्याला मी कसं हलवू? त्यावर लगेच, "आणि वैजनाथभाऊंची डॉक्टर मारताना नाही आठवलं कुणाचं माणूस ते?" उज्वलाबाई लिहितात, "मी हात कुठं लावला तिला? दारात उभीच होती ती." खाली पंचवीस जणांनी हसण्याची चित्रं टाकली.

खुद्द वैजनाथचाच तो सकाळचा फोन. तो रडत होता म्हणे. दुकानात गिऱ्हाईक उभं आणि हा आत औषधाच्या खोक्यावर बसून, "ताई, माझी लेकरावाणी होती ती." त्यालाच बाईंनी ते हवेचं आणि प्रेताचं सुनावलं. चिडल्या होत्या म्हणून. नाहीतर माणूस वाईट नव्हता.

पण खरा घाव घातला 'कडू कारल्या'नं. उज्वलाबाईंनी लेखिकेच्या ओळखीत मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, की मुलगी मेडिकलची तयारी करते. कारल्यानं ते उचललं. "स्वतःची पोरगी डॉक्टर व्हावी म्हणून भाड्यानं राहतात, आणि दुसऱ्याची डॉक्टर मारतात. पोरीचा निकाल बघायला मजा येईल."

हे आरतीनं वाचलं. चाचणी परीक्षेत आधीच मार्क कमी पडलेले. ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"काढून टाक तो भाग."

"कामून काढू?"

"माझ्या क्लासमधल्या पोरी वाचून राहिल्यात, आई! मला म्हणतात, तुझ्या आईला सांग आमची हवा नको बंद करू. एक बटण हाय खाली. दाब अन् मोकळी हो."

बटण होतं खरं. 'गोष्टवेल'वर ज्यानं भाग टाकला त्यालाच तो काढता येतो; संपादकालासुद्धा हात लावता येत नाही. उज्वलाबाईंनी कणीक तिंबता तिंबता विचारलं, "अन् मी काय चुकीचं लिहिलं ते सांग आधी." आरती म्हणाली, "चुकीचं बरोबर गेलं खड्ड्यात. लोक शिव्या देऊन राहिलेत." आणि डबा न घेता क्लासला गेली. उज्वलाबाई डबा घेऊन उन्हात तिच्या मागं चालत गेल्या, क्लासच्या फाटकावर तो वॉचमनजवळ दिला आणि परत आल्या. बटण दाबलं नाही.

चार दिवसांनी रेवणप्पा सरांचा निरोप आला. रविवारी लातुरात वाचकांचा मेळावा ठेवला आहे. यावं, सगळ्यांसमोर ते तीन भाग काढावेत, म्हणजे विषय संपला आणि फेरीतली जागा कायम. नाहीतर नाइलाजानं फेरीला आपला रामराम घ्यावा लागेल. आपला नम्र, वगैरे.

त्याच दिवशी अर्धापूरहून शेषेराव आले, हातात केळीची फणी आणि कपाळावर आठ्यांची दुसरी फणी. गल्लीतली बातमी तोवर भाजीच्या टेम्पोत बसून गावाकडं पोचली होती. दुरुस्ती मात्र नाक्यावरच राहिली होती.

"कोणत्या कोर्टात हाय केस?" त्यांनी चपला काढायच्या आधी विचारलं.

"कसली केस?"

"गावात सगळे मला बघून गप बसून राहिलेत. शेजारचा माउली म्हणला, भाऊ, वकील माझ्या वळखीचा हाय, सांग कधी लागला तर. आता मला सांग, तू केलं काय?"

उज्वलाबाईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. यान, बियाणं, दार, कप्तान. शेषेरावांनी एक केळं सोललं, खाल्लं, साल हातात धरून बसले.

"म्हंजे बाई न्हाईच मेली?"

"मेली. पण गोष्टीत."

"मग रडून कोण राहिलंय?"

"सगळे."

"आन् पैसे मिळतात का तुला ह्याचे?"

"न्हाई."

शेषेरावांनी सिंधुबाईंच्या खिडकीकडं बघितलं. खिडकी हळूच लागली. "खामखा," ते म्हणाले, आणि हे कुणासाठी म्हणाले ते कळलं नाही. पण रविवारी सकाळी लातूरच्या एसटीत बायकोच्या शेजारी बसले होते, मांडीवर केळ्याची पिशवी घेऊन. लोहा गेलं, अहमदपूरला चहा झाला, आणि उज्वलाबाई सगळ्या वाटेनं मोबाईल काढत होत्या, ते तीन भाग उघडत होत्या, बोट बटणाशी नेत होत्या आणि मोबाईल परत पर्समध्ये ठेवत होत्या. जागा गेली तर पुन्हा कुठं 'लेखिका' लिहून येणार नव्हतं. नणंदेला कळायला दोन दिवससुद्धा लागले नसते.

मेळावा एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. जिना चढून गेल्यावर समोरच टेबलावर मैथिलीचा फोटो. म्हणजे संगणकानं काढलेला. पांढरा कोट, मागं चांदण्या. फोटोला झेंडूचा हार, पुढं उदबत्ती, ताटलीत फुलं. चाळीसेक माणसं खुर्च्यांवर, आणि वैजनाथ पहिल्या रांगेत, दाढी वाढवलेला.

शेषेरावांनी चप्पल जिन्यातच काढली, फोटोला हात जोडले आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "कोणाच्या घरच्या होत्या?" शेजारच्यानं तोंड फिरवलं.

फुलांची ताटली धरून एक बाई उभ्या होत्या. गोल चेहरा, मऊ आवाज. "या ताई, प्रवास बरा झाला ना? पाणी देऊ? मी राजकन्या, इथं शाळेत शिकवते." मग थोडं लाजून, "म्हणजे 'कडू कारलं'."

उज्वलाबाईंनी पाण्याचा पेला घेतला तसाच ताटलीत ठेवला. "माझ्या पोरीचा निकाल तुम्हाला बघायचा व्हता न्हाई का?"

"ऑनलाईनचं ते, ताई. मनावर घ्यायचं नसतं."

"मग मैथिलीचं कामून मनावर घेतलं? ती काय तुमच्या शाळेत व्हती?"

राजकन्याबाईंचा चेहरा तसाच हसरा राहिला, पण फूल काही त्यांनी दिलं नाही.

रेवणप्पा सर बोलायला उभे राहिले. गोष्ट म्हणजे काय, समूह म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय, असं सगळं छान सांगितलं. भाचीच्या लग्नाचं काही आलं नाही त्यात. मागून एक आवाज आला, "सर, मुद्द्यावर या, तीन मुद्दे आहेत," आणि उज्वलाबाईंनी ओळखलं, हा तो. कुणी म्हणालं माफी मागायला लावा, कुणी म्हणालं असल्या बायांना लिहायला देता कशाला, एक जण म्हणाला केळीची बागही काढा त्याच वेळी. वैजनाथ उठला आणि त्याला बोलवेना, खाली बसला. टाळ्या पडल्या.

"शांत, शांत," सर म्हणाले. "ताई समजूतदार आहेत. आणि एक आनंदाची बातमी. माझा भाग तयार आहे." त्यांनी खिशातून कागद काढला. "कप्तान भार्गव दार उघडतो. मैथिली आत येते. ताईंचे तीन भाग निघाले की हा तिथं बरोबर बसतो. ताई, फोन काढा. एका बटणाचं काम."

सगळ्या खुर्च्या करकरल्या. माणसं वळून बघू लागली. उज्वलाबाई उठल्या, पर्समधून मोबाईल काढला.

"दाबा, ताई," राजकन्याबाई मऊ आवाजात म्हणाल्या.

"दाब की," जिन्याजवळून शेषेरावसुद्धा म्हणाले. "दाब अन् चल, परतीची गाडी जाईल."

उज्वलाबाईंनी तिसरा भाग उघडला, शेवटची ओळ वाचली, आणि मोबाईल परत पर्समध्ये ठेवून चेन लावली. मग सरांकडं बघून म्हणाल्या, "सर, तुमचा कप्तान आता दार उघडणार असंल तर उघडू द्या, अन् बाहेर काय पडलंय ते त्यानं आपल्या डोळ्यांनी बघावं. मला फेरीतून काढायचं तर काढा. माझा भाग मी काढत न्हाई."